पहिला चीक

गाय व्याली की आपण काय करतो? वासरू धडपडत उभे राहिले की त्याला लगेच कासेला लावतो. चीक पोटात गेला नाही तर वासरू अशक्त होते, दगावतेही. हे आपण वाडवडिलांपासून जाणतो. उरलेल्या चिकाचा खरवस करून शेजारीपाजारी वाटतो.

मग घरची सून बाळंत झाली की आपण उलटे का वागतो? आजी म्हणते, "पहिलं दूध पिवळं, घट्ट. ते पोराला बाधतं. पिळून टाक. तीन दिवस मध चाटव." सून नवी, घाबरलेली. ती गप्प राहते.

आजीच्या मनात वाईट नसते. नातवंडावर तिचा जीव असतो. तिच्या सासूने सांगितले तेच ती सांगते. म्हणून तिला हसू नये. पण ऐकलेले पारखून घ्यावे.

पिवळे दूध म्हणजे आईचा चीक. त्यात बाळाला रोगांपासून राखणारे सत्त्व असते. तो थोडाच येतो. पण बाळाचे पोटही लहानच असते. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर पाजावे. पहिले 6 महिने फक्त आईचे दूध द्यावे. वरचे पाणीसुद्धा नको. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. मधात कधी कधी एक जंतू असतो. मोठ्यांना तो बाधत नाही, पण तान्ह्या बाळाला लुळे करतो. जीवही जाऊ शकतो.

मग जुने सगळे टाकायचे का? मुळीच नाही. पाचवी पुजावी. बाळंतिणीला अळीवाची खीर, डिंकाचा लाडू द्यावा. सोयरात लोकांचे येणेजाणे कमी असते, त्याने बाळ बाहेरच्या आजारांपासून वाचते. मध चाटवण्याची रीत असेल तर मधाची वाटी देवापुढे ठेवावी. बाळाच्या तोंडात घालू नये.

हे बोलायचे कोणी? एकट्या सुनेवर टाकू नये. पहिलटकरीण बहुधा माहेरी जाते. म्हणून दोन्ही आज्यांशी आधीच, डोहाळजेवणाच्या सुमारास बोलावे. मुलाने पुढे व्हावे. आशाताईंना घरी बोलवावे. आणि आजीला एवढेच विचारावे, "आजी, वासराला चीक पाजतेस, मग नातवाला का नको?"

विचार करा :
1. आपल्या घरी पहिल्या दुधाचे काय करतात?
2. बाळंतपणाची कोणती रीत चांगली? कोणती बदलावी?