पौर्णिमांची नावे आणि आकाशदर्शन

तिसरी-चौथीच्या मुलांकडून बारा मराठी महिन्यांची नावे पाठ करून घेतली जातात. परंतु ही नावे आकाशातून आली आहेत, हे पुष्कळदा सांगावयाचे राहून जाते. ज्या महिन्याच्या पौर्णिमेस चंद्र ज्या नक्षत्रात किंवा त्याच्या शेजारी असतो, त्या नक्षत्रावरून त्या महिन्यास नाव मिळाले. चित्रा नक्षत्रावरून चैत्र, कृत्तिकांवरून कार्तिक, मघांवरून माघ. चंद्र नेमका त्याच नक्षत्रात दरवर्षी सापडेलच असे नाही. एखादे नक्षत्र मागेपुढे होते. हे आधी सांगून ठेवावे, नाही तर चाणाक्ष मूल शिक्षकांनाच अडचणीत आणते.

निरीक्षणास आरंभ आश्विनापासून करावा. ज्येष्ठ ते भाद्रपद हे महिने ढगांचे. त्या काळात आकाश दाखविण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. चैत्री पौर्णिमा सर्वांत सोयीची, कारण चित्रेचा तारा ठळक असून तो चांदण्यातही लोपत नाही. कृत्तिकांचा पुंजका मात्र पूर्ण चंद्राजवळ दिसेनासा होतो. यासाठी कार्तिकी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी, चंद्र उगवण्यापूर्वी, मुलांना पूर्वेकडे पाहावयास सांगावे.

याखेरीज लोकांनी आपल्या व्यवहारातून दिलेली नावे आहेत. वटपौर्णिमा, गुरुपौर्णिमा, त्रिपुरी, शाकंभरी ही सर्वत्र परिचित आहेत. नारळी पौर्णिमा कोळ्यांची. श्रावण निम्मा सरतो, वाऱ्याचा जोर ओसरू लागतो आणि दर्यास नारळ अर्पण केला जातो. किनाऱ्यावरील शाळेत या दिवशी उधाणाच्या भरतीचा पाठ घ्यावा. कोळ्यांच्या मुलांना त्यातील निम्मे आधीच ठाऊक असते.

आश्विनी पौर्णिमा घाटावर दुधाची कोजागरी. कोकणात तीच नवान्न पौर्णिमा. तेथे भाताच्या नव्या लोंब्या दाराला बांधतात. एखाद्या मुलाने उत्तरपत्रिकेत ‘नव्याची पुनव’ असे लिहिले, तर त्यावर तांबडी रेघ ओढली जाण्याचा संभव असतो. ते उत्तर चूक नव्हे. रेघ ओढली की ते मूल घरचा शब्द शाळेत पुन्हा उच्चारीत नाही, आणि शेताविषयीचे त्याचे ज्ञानही त्या शब्दाबरोबर वर्गाबाहेर राहते.

अधिक मासाचा प्रश्न मुले विचारतातच. बारा चांद्रमासांचे सुमारे ३५४ दिवस होतात. सौर वर्षाहून ते अकरा दिवसांनी उणे. ही तूट साचली की सुमारे पावणेतीन वर्षांनी एक महिना अधिक धरतात. २०२३ साली श्रावण अधिक होता. १ ऑगस्टची पौर्णिमा अधिक श्रावणातील, तर नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. फळ्यावर ही वजाबाकी मुलांकडूनच करवून घ्यावी व त्या वर्षाचे जुने पंचांग कोणाच्या घरी मिळाल्यास ते वर्गात आणवावे.