लोहाचे अतिसूक्ष्म कण

वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवीचा परिसर काळ्या पाषाणाचा आहे. अशा प्रदेशातील ओढ्याच्या वाळूतून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरविला, तर त्याला बारीक काळे कण चिकटतात. खडक झिजून सुटे झालेले हे कण बहुधा मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे असतात. ते डोळ्यांना दिसतात. परंतु शास्त्रज्ञ याहून कितीतरी लहान चुंबकीय कण प्रयोगशाळेत तयार करतात. ते नॅनोमीटरने मोजावे लागतात. एका मिलिमीटरचे १० लाख भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर होय.

इतका लहान कण कानशीने घासून मिळावयाचा नाही. त्यासाठी लेसर किरणांचे साहाय्य घेतात. निर्वात पात्रात लोह, कोबाल्ट किंवा निकेल यांचा तुकडा ठेवून त्यावर लेसरचा प्रखर झोत निमिषाहूनही कमी काळ सोडतात. झोत पडतो तेथील धातूची तत्काळ वाफ होते आणि तिचा तेजस्वी लोळ उसळतो. पात्रात आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू थोडा भरलेला असल्यास धातूचे अणू त्यावर आदळून मंदावतात, निवतात व एकमेकांना बिलगून कण बनतात. समोर ठेवलेल्या पट्टीवर हे कण साचतात. पात्रात प्राणवायू शिरला, तर मात्र लोहाचे ऑक्साइड बनते. म्हणून हवा काढण्याच्या कामी हयगय चालत नाही.

पुणे विद्यापीठातील पाटील, ओगले, भिडे आदी संशोधकांनी निराळा मार्ग चोखाळला. त्यांनी लोखंड पाण्यात ठेवून त्यावर माणकाच्या लेसरचा झोत सोडला. तापलेला पृष्ठभाग पाण्याने तत्क्षणी थंड झाला आणि एरवी न टिकणारे लोह-ऑक्साइडचे एक रूप तेथे टिकून राहिले. हे संशोधन १९८७ साली प्रसिद्ध झाले. पुढे द्रवात ठेवलेल्या धातूवर लेसर सोडून सूक्ष्म कण मिळविण्याची पद्धती अनेक देशांत रूढ झाली.

या कणांचा स्वभाव मोठ्या लोहचुंबकाहून वेगळा असतो. मोठा चुंबक आपले चुंबकत्व सांभाळून ठेवतो. उलट, लोह-ऑक्साइडचा सुमारे १० नॅनोमीटरचा कण चुंबक जवळ असेपर्यंतच ओढला जातो. चुंबक दूर नेताच भोवतालच्या साध्या उष्णतेनेही त्याच्या चुंबकत्वाची दिशा सारखी पालटत राहते. त्यामुळे असे कण चुंबकत्वाने एकमेकांना सहसा धरून ठेवीत नाहीत. यकृतातील रोगट भाग चित्रात स्पष्ट दिसावा, म्हणून वैद्यांनी लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण वापरले आहेत.

पदार्थ तोच, अणूही तेच. परंतु आकार अतिशय लहान झाला की त्याचे गुणही बदलतात.