आधी निम्मी व्यंजने खोड



तुझ्या कल्पित भाषेचा व्यंजनांचा तक्ता पाहिला. आपले पाचही वर्ग, ळ, अरबी वळणाचे घशातले ध्वनी आणि वर दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांसारखे चटकारे! इतके सगळे एकत्र कोंबले की ती भाषा कोणत्याच लोकांची वाटत नाही. भाषा ओळखू येते ती तिच्यात काय नाही यावरून.

‘अवतार’ (२००९) या चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी नावी भाषा रचली, तेव्हा ब, ड, ग हे घोष ध्वनी सरळ वगळले. त्याऐवजी प, त, क यांची श्वास कोंडून फट्‌कन सोडलेली रूपे आणली. डेव्हिड पीटरसन यांची अडचण वेगळी होती. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांत दोथ्राकी लोकांची नावे आधीच छापून झाली होती आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’ (२०११) मालिकेसाठी भाषा त्या नावांना धरूनच रचायची होती. प आणि ब फक्त काही नावांत सापडत होते. पीटरसन यांनी ते नेहमीच्या शब्दांत येऊच दिले नाहीत. त्यांच्या जागी फ आणि व ठेवले. नावांत उरलेले प-ब त्यामुळे जुन्या काळच्या खुणांसारखे दिसतात.

मार्क ओक्रँड यांनी ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन भाषेत मुद्दाम तोल बिघडवला. तिच्यात ड आपल्यासारखा मूर्धन्य आहे, पण त्याच्या जोडीला ट नाही, आहे तो त. साधा क तर नाहीच. पडजिभेजवळून निघणारे दोन ध्वनी मात्र आहेत. अमेरिकी प्रेक्षकाला परग्रहावरचा वाटणारा ड आपल्याकडे शाळकरी पोर सहज म्हणते, ही गंमत वेगळी. म्हणून आधी ठरव, तुझी भाषा कोणाच्या कानाला परकी वाटायला हवी?

कधी उलट, भाषा सोपी वाटावी म्हणूनही ध्वनी वगळतात. चिनी लोकांना र जड जाईल म्हणून श्लायर या जर्मन पाद्र्याने १८८० च्या सुमारास वोलाप्युक या आपल्या कृत्रिम भाषेतून तो जवळजवळ हद्दपार केला. १९३१ च्या सुधारणेत र परत आला.

लेखनाचा प्रश्न याहून चिवट. टॉल्किन यांच्या एल्फ-भाषांत रोमन ‘सी’ नेहमी ‘क’ असतो, म्हणजे Celeborn या पात्राच्या नावाचा उच्चार केलेबॉर्न. पण तो नियम सांगणारे परिशिष्ट ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या खंडात, १९५५ साली आले. पहिले दोन खंड वाचणाऱ्यांनी तोवर ‘सेलेबॉर्न’ करून टाकला असेल तर दोष कोणाचा? झामेनहॉफ यांची १८८७ ची एस्पेरांतो ‘एक अक्षर, एक उच्चार’ या तत्त्वावर उभी आहे. तत्त्व चोख, पण त्यापायी पाच व्यंजनांवर टोप्या चढल्या. साध्या छापखान्यात ते खिळे नसत, म्हणून टोपीऐवजी पुढे ‘एच’ जोडायची मुभा झामेनहॉफ यांनाच द्यावी लागली. १९०७ मध्ये निघालेल्या इदो या तिच्या सुधारित रूपाने टोप्याच काढून टाकल्या.

तू देवनागरी वापरणार असशील, तर मराठीची खोड आधी लक्षात घे. ‘चार आंबे’ आणि ‘गुरे चार’ यांतले च वेगळे, लिहिणे एकच. आपल्याला ते संदर्भाने कळते, पण तुझ्या भाषेला संदर्भ पुरवणारे लोकच नाहीत. तिथे नुक्ता दे. मात्र जे चिन्ह मोबाइलच्या कळफलकावर सहज उमटत नाही, ते कितीही देखणे असले तरी घेऊ नकोस.

पुढच्या पत्रात तक्ता पाठवू नकोस. निम्मी व्यंजने खोड, उरलेल्यांतून माणसांची, नद्यांची आणि गावांची वीस नावे रच, ती आईकडून मोठ्याने वाचून घे आणि ती जिथे जिथे अडखळेल तिथे खूण करून तो कागद पाठव.

तुझा,
मामा