पंक्चर निघालं, आता बोल्ट बघा

ब्रेकचे बोल्ट खड्ड्यांनी आणि हादऱ्यांनी ढिले होतात हे खरंच. पण त्याहून जास्त वेळा ते कुणीतरी खोललेले आणि नीट न आवळलेले असतात. मागचं पंक्चर, नवे लायनर, टायर बदलणं, यांतल्या कुठल्याही कामात ब्रेकचा एखादा नट निघतोच. तो हाताने फिरवून ठेवतात, पाना मारायचा असतो, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक येतं. त्यामुळे महिन्याची तारीख धरण्यापेक्षा गाडीला परका हात लागला की त्याच दिवशी बघावं, असं माझं मत. पावसाळ्याआधी आणि ताम्हिणी-वरंधासारख्या घाटात उतरण्याआधीची तपासणी वेगळी, ती करायचीच.

सुरुवात मागच्या चाकापासून करू, कारण पंक्चर तिथेच जास्त होतं. मागे ड्रम ब्रेक असेल तर गाडी मेन स्टँडवर घ्या आणि ड्रमच्या झाकणाकडे बघा. या झाकणापासून चिमट्यापर्यंत, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मपर्यंत, एक छोटी लोखंडी पट्टी किंवा दांडी जाते, ती टॉर्क रॉड. ब्रेक दाबला की आतले लायनर फिरत्या ड्रमला धरतात आणि चाक त्यांच्यासकट झाकणालाही आपल्याबरोबर ओढू बघतं. त्या झाकणाला जागेवर धरून ठेवायचं काम या दांडीचं. ती सुटली तर झाकण फिरतं, पायाखालचा ब्रेक रॉड वाकतो किंवा तुटतो. मग चाक जाम होतं, नाहीतर मागचा ब्रेकच उरत नाही. दोन्ही टोकांचे नट पान्याने तपासा. ज्या बोल्टाला आरपार भोक आहे, त्यात स्प्लिट पिन हवी आणि तिचे दोन्ही पाय उलगडून वाकवलेले हवेत. तिथे तारेचा तुकडा किंवा जुनीच वाकडी पिन दिसली तर काढून टाका. नवी पिन हार्डवेअरच्या दुकानात चिल्लरीत मिळते. एक पुडी सीटखाली टाकून ठेवा.

मागच्या ॲक्सलचा नट आवळताना ब्रेक पायाने दाबून धरायला कुणाला तरी सांगा. त्यामुळे लायनर ड्रममध्ये मधोमध बसतात. ब्रेक रॉडच्या टोकाचा ॲडजस्टिंग नट शेवटी जुळवायचा आणि पॅडलचा खेळ तेव्हाच ठरवायचा.

पुढेही ड्रम असलेल्या साध्या गाड्यांत एक जागा हमखास नजरेतून सुटते. झाकणावर एक खाच असते आणि फोर्कच्या पायावर तिच्यात बसणारा उंचवटा. चाक बसवताना खाच त्या उंचवट्यावर बसली नाही तरी ॲक्सल आरपार जातो, नट आवळला जातो, सगळं बरोबर वाटतं. पहिला जोराचा ब्रेक लागेपर्यंत! म्हणून पुढचं चाक कुणीही बसवलेलं असो, खाली वाकून ही खाच स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आता डिस्क. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आधी थंड होऊ द्या, तापलेली डिस्क बोट भाजते. कॅलिपर दोन बोल्टांनी फोर्कला धरलेला असतो. त्यांच्या डोक्याभोवती उजेड टाकून बघा. वॉशरच्या कडेने तांबूस गंजाची किंवा काळसर बारीक पूड जमली असेल, तर तो जोड हलतोय आणि धातू घासतोय असं समजा. मग गाडी पुढे-मागे ढकलत पुढचा ब्रेक दाबा आणि बोट कॅलिपरच्या ब्रॅकेट व फोर्कच्या सांध्यावर ठेवा. ‘टक्’ असा धक्का त्या सांध्यात जाणवला तर बोल्ट ढिला. धक्का वर हँडलपाशी जाणवला तर दोष बहुधा कोनसेटचा, म्हणजे हँडलच्या बेअरिंगचा. इथे एक घोटाळा होतो. बहुतेक छोट्या गाड्यांचा कॅलिपर स्वतःच्या पिनांवर आडवा थोडा सरकतो, आणि तो तसा सरकायलाच हवा. त्याला ढिला समजून आवळत बसू नका. ब्रॅकेट मात्र तसूभरही हलता कामा नये.

बोल्ट ढिला निघाला तर तसाच पिळून मोकळं होऊ नका. एका वेळी एकच बोल्ट पूर्ण बाहेर काढा, आटे बघा. आट्यांत ॲल्युमिनियमचा चुरा अडकलेला असेल तर फोर्कमधले आटे गेले आहेत आणि हे काम घरचं नाही. आटे शाबूत असतील तर तारेच्या ब्रशने जुना सुकलेला गोंद काढा, कोरडे पुसा. कंपनीने सांगितलं असेल तर आटे धरून ठेवणारं निळ्या रंगाचं लॉकटाइट एक थेंब लावा. लाल नको. ते सोडवायला बोल्ट तापवावा लागतो, आणि कॅलिपरच्या रबरी सीलशेजारी ज्योत धरणं म्हणजे नवं दुखणं विकत घेणं. निळं लॉकटाइट पूर्ण पक्कं व्हायला साधारण २४ तास लागतात, म्हणून काम शनिवारी संध्याकाळी केलेलं बरं. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावू नका. त्याने पाना तोच जोर दाखवतो, पण बोल्टावर प्रत्यक्षात जास्त ताण येतो.

किती आवळायचं? आठ मिलिमीटरच्या कॅलिपर बोल्टाचा आकडा बऱ्याच गाड्यांत २५ ते ३५ न्यूटन मीटरच्या घरात असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा, आणि तोच अखेरचा माना. अंदाज यावा म्हणून सांगतो: १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १७ किलोचा जोर दिला की २५ न्यूटन मीटर होतात. म्हणजे एका हाताचा जोर पुरतो. पान्याला पाइप अडकवून लटकणाऱ्यांनीच फोर्कचे आटे सर्वाधिक उडवलेत, कारण बोल्ट पोलादाचा असतो आणि फोर्कचा पाय ॲल्युमिनियमचा. टॉर्क रेंच वापरत असाल तर एकदा ‘कट’ झालं की थांबा. खात्री म्हणून पुन्हा पुन्हा ‘कट’ करणं म्हणजे जास्तच आवळणं.

डिस्क चाकाला धरणारे बोल्ट उगाच खोलू नका. नुसता टॉर्क रेंच लावून बघा, तोही एकाआड एक, समोरासमोरचे धरून. काढावेच लागले तर अनेक कंपन्या नवे बोल्ट घालायला सांगतात. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. तुमची गाडी त्यातली असेल तर डिस्कच्या आतल्या दातेरी चकतीशेजारचा सेन्सरचा छोटा स्क्रू आणि त्याच्या वायरचे क्लिपही बघून घ्या. हा स्क्रू नाजूक असतो, त्याला नुसता ढिलाई बघण्यापुरता हात लावा.

ब्रेकचा पाइप कॅलिपरला मिळतो तिथला पोकळ बोल्ट हा वेगळा प्रकार. त्यातून ब्रेक ऑइल जातं आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या वॉशर गळती थांबवतात. त्याला लॉकटाइट अजिबात नाही. खोलला तर वॉशर नव्या हव्यात आणि ब्रेकच्या पाइपातली हवा काढावी लागते. त्याच्याभोवती ओल दिसत असेल किंवा रंग फुगून सुटला असेल तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टेम्पोत चढवा.

काम आटोपल्यावर, किल्ली लावायच्या आधी, ब्रेकचं लिव्हर चार-सहा वेळा दाबा. कॅलिपर काढून बसवताना पॅड मागे सरकलेले असतात आणि पहिला दाब पोकळ जातो. तो सोसायटीच्या आवारात गेलेला बरा, नाक्यावर नको. लिव्हर घट्ट लागल्यावर चालण्याच्या वेगात दोन-तीनदा ब्रेक मारून बघा. मग प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत पांढऱ्या मार्करची किंवा नेलपॉलिशची एक रेघ ओढा. शंभरेक किलोमीटर झाले की वाकून बघायचं: रेघ सरळ जुळत असेल तर पान्याची गरज नाही, तुटलेली दिसली तर तोच बोल्ट पुन्हा काढायचा आणि या वेळी आट्यांसकट बदलायचा की नाही, ते मेकॅनिकला विचारायचं.