पंप मागवला, खेळणं आलं

प्रश्न : टोमॅटोवर फवारणीसाठी क्रेडिट कार्डावर ऑनलाइन बॅटरीपंप मागवला. खोक्यात प्लास्टिकचं खेळणं निघालं. विक्रेता फोन उचलत नाही. पैसे मिळतील का?
– एक वाचक, नारायणगाव

उत्तर : मिळू शकतात, पण विक्रेत्याच्या फोनची वाट पाहू नका. खोकं, त्यावरचं लेबल, वस्तू यांचे फोटो काढा. खोकं चुलीत घालू नका, तोच पुरावा. ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली, तिथल्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं 48 तासांत पोच द्यायला आणि महिनाभरात निवारण करायला हवं.

त्याच दिवशी कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘डिस्प्यूट’ नोंदवून क्रमांक घ्या. याला मुदत असते, म्हणून हंगाम संपल्यावर बघू, असं म्हणू नका. बिलातली उरलेली रक्कम मात्र वेळेत भरा. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही फुकट.

यूपीआयनं पैसे दिले असते, तर काम अवघड होतं; स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे परत आणणं कठीण. दुकानच बनावट निघालं, तर लगेच सायबर हेल्पलाइन 1930 लावा. एरवी ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार राहत्या ठिकाणाहूनही करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही.