संगमावरील गोटे

सोलापूर जिल्ह्यास समुद्रकिनारा लाभलेला नाही. परंतु गोट्यांनी भरलेला शांत, एकांत तीर पाहावयाचा असेल, तर त्यासाठी कोकणातच जावयास हवे असे नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल नावाचे लहानसे गाव आहे. तेथे सीना नदी भीमेस मिळते. पलीकडच्या तीरावर कर्नाटक राज्य आहे.

पावसाळ्यातील पूर ओसरला, की नदीकाठचे गोटे उघडे पडतात. त्यांतील एखादा हाती घेऊन पाहा. तो किती गुळगुळीत लागतो! परंतु तो आरंभापासून असा नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस बाहेर आला आणि थंड होऊन त्याचा काळा कातळ बनला. ऊन, वारा व पाणी यांनी त्या कातळाचे तुकडे होतात. नदी त्यांना लोटीत नेते. वाटेत ते एकमेकांवर घासतात, कोपरे झिजतात आणि ओबडधोबड दगडाचा वाटोळा गोटा होतो. म्हणून दगड जितका वाटोळा, तितका त्याचा प्रवास बहुधा मोठा समजावा.

काळ्या गोट्यांत मधूनच पांढरी चकाकणारी गारगोटी दिसते. कातळातील पोकळ्यांत पाणी झिरपले, त्यातील खनिजे साचत गेली आणि ती तयार झाली. ती काळ्या दगडाहून कठीण असल्यामुळे लवकर झिजत नाही.

मुलांनो, अशा काठावर पाऊल जपून टाकावे. टिटवी घरटे विणीत नाही. ती उघड्या जमिनीवर खड्यांतच अंडी घालते. ती अंडी इतकी खड्यांसारखी दिसतात, की जवळ जाऊनही ओळखू येत नाहीत. शिवाय नदीतील वाळू व गोटे यांच्या फटींत पाणी मुरते आणि काठच्या विहिरींस ते मिळते. पात्रातील वाळू बेसुमार उपसली, तर विहिरींचे पाणी खोल जाते. अवर्षणाची झळ सोसणाऱ्या आपल्या जिल्ह्यास ही हानी परवडणारी नाही.

संगमावर आणखी एक दगड आहे. त्याला मात्र पाण्याने नव्हे, माणसाने आकार दिला. संगमेश्वराच्या प्राचीन मंदिरातील एका तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख कोरलेला आहे. मराठी भाषेतील अतिप्राचीन शिलालेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. त्याच्या अखेरच्या ओळीचा आशय असा, की हा लेख जो वाचील, तो विजयी होईल.

शतकानुशतके कितीतरी माणसे त्या तुळईखालून गेली असतील; पण तिच्यावरील अक्षरांकडे लक्ष देऊन ती वाचणारा एखादाच निघाला. नदीकाठच्या गोट्यांवर अक्षरे नाहीत. तरी त्यांचा आकार, रंग आणि कठीणपणा यांत त्यांचा सारा वृत्तान्त आहे. तो वाचावयास शिका.