निकामी यंत्रे आणि त्यांतील विष

जुने भांडे मोडीत घालून चार पैसे पदरात पाडून घ्यावेत, ही आपल्या घरांतील जुनी रीत. ती वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पितळेचे भांडे वितळते व त्याचे पुन्हा भांडे होते. परंतु बिघडलेला टेलिव्हिजन, संगणक किंवा मोबाईल त्याच भंगारात गेला म्हणजे गोष्ट निराळी होते. ती कशी, हे येथे थोडक्यात पाहू.

जुन्या, खोक्यासारख्या टेलिव्हिजनच्या काचेत शिसे असते. जुन्या सर्किट बोर्डांच्या सोल्डरमध्येही ते असते. ट्यूबलाइटमध्ये पारा, तर काही जातींच्या बॅटऱ्यांत कॅडमियम असते. यांच्याच जोडीला तांबे आणि किंचित सोने असते; सारा अनर्थ या दोहोंपायी होतो. तारा जाळल्या की प्लॅस्टिकचे आवरण जाऊन तांबे उरते, पण त्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषे हवेत मिसळतात. बोर्ड तीव्र आम्लात बुडवून सोने काढतात आणि उरलेले आम्ल नाल्यात ओततात. यंत्र धड असते तोवर त्यातील विष बहुतांशी बंदिस्त राहते. अशास्त्रीय तोडफोडीने ते मोकळे होते, हे ध्यानात घ्यावे.

चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात ग्वेईयू नावाचे गाव आहे. तेथे अनेक वर्षे घरोघरी हाच धंदा चाले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील लहान मुलांच्या रक्तात शेजारच्या गावातील मुलांपेक्षा शिसे अधिक आढळले. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ती हानी सहसा भरून येत नाही. हे दूरदेशीचेच दुखणे आहे असेही नाही; आपल्याकडे मुरादाबादेस रामगंगेच्या काठी असेच बोर्ड जाळून तांबे काढल्याचे आढळले आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात असा सुमारे ६.२ कोटी टन कचरा निघाला. त्यापैकी पाव हिश्श्याहून कमी कचऱ्याचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे.

आपल्या देशात याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार जुन्या मालाचे नोंदणीकृत कारखान्यांतून पुनर्चक्रण करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तथापि माल तेथवर पोहोचविणे आपल्याच हाती आहे. चालू यंत्र गरजू विद्यार्थ्यास द्यावे. दुरुस्त होण्याजोगे दुरुस्त करावे. निकामी झालेले मात्र न फोडता अधिकृत संकलन केंद्रात द्यावे. भंगारात चार पैसे अधिक मिळतीलही, पण त्यांची किंमत दुसऱ्याच्या लेकरांना मोजावी लागते. धर्मादाय कार्यास हातभार लावणाऱ्या आपल्या कुटुंबांनी एवढा विचार अवश्य करावा, अशी आमची विनंती आहे.